फॉल्स सीलिंग करताय? आधी स्प्रिंकलर बघा

परवा सांगलीत विश्रामबागला एका शोरूमचं काम बघायला गेलो, पीओपीवाल्याने स्लॅबचे सगळे स्प्रिंकलर (आग लागली की आपोआप पाणी फवारणारे) तसेच वर ठेवून खाली सीलिंग मारून टाकलेलं, म्हणजे आग लागली तर गरम हवा सीलिंगखालीच पसरणार आणि वरच्या स्प्रिंकलरच्या लाल काचेच्या बल्बला (तो धगीने फुटला की पाणी सुटतं) ६८ डिग्रीची धग लागेपर्यंत खालचं सगळं पेटलेलं असणार. त्यामुळे सीलिंग लावायच्या आधीच फायरवाल्याला, म्हणजे स्प्रिंकलरची लाईन टाकणाऱ्याला, बोलवा, लाईन बंद करून पाणी काढून स्प्रिंकलर खाली घ्या आणि प्रेशर टेस्ट झाल्यावरच पॅनल बसवा. दोन बाय दोन फुटाची सीलिंग टाईल असेल तर स्प्रिंकलर शक्यतो मधोमध घ्या, कडेला घेतला की टाईल जिच्यावर टेकते ती टी-पट्टी आडवी येते. स्लॅब आणि सीलिंगमधली पोकळी ८०० मिलिमीटरच्या वर असेल तर वरचे स्प्रिंकलर पण ठेवायचे, काढायचे नाहीत हां.

आणि एक, एसीवाला टाईल उघडून तशीच सोडून गेला तर लगेच बसवून घ्या, त्या भोकातून धग वर निघून जाते आणि स्प्रिंकलर उशिरा फुटतो. पेंटरला पण बजावून ठेवा, स्प्रिंकलरवर रंगाचा एक थेंबसुद्धा नको, पडला तर पुसत बसू नका, सरळ नवीन बसवा.