एअर फ्रायरमधील डोनटना दालचिनी-साखर नीट लागावी म्हणून

जळगाव-भुसावळकडच्या उन्हाळ्यात यीस्टचे पीठ फार लवकर फुगते, म्हणून घड्याळावर विसंबून न राहता, पीठ दुप्पट होताच ते अर्धा इंच जाड लाटून डोनट कापावेत आणि पुन्हा हलके फुगेपर्यंत झाकून ठेवावेत. आधी तापवलेल्या एअर फ्रायरमध्ये १८० अंश सेल्सिअसवर ५ ते ६ मिनिटांत ते सोनेरी होतात. खरी मेख पुढेच आहे: तळणीचे तेल नसल्याने कोरड्या डोनटवर साखर ठरत नाही, म्हणून ते गरम असतानाच सर्व बाजूंनी वितळलेले लोणी लावून, अर्धी वाटी बारीक साखर आणि २ लहान चमचे दालचिनीपूड यांच्या मिश्रणात लगेच घोळवावेत. दालचिनी घरी ताजी कुटलेली असेल, तर सुगंध निराळाच येतो.