निफाडकडच्या जुन्या वाड्यात मुक्कामाला जाताय?

नाशिकच्या आसपास शेतातले जुने वाडे दुरुस्त करून मुक्कामाला देतात. बुकिंग करताना फोटोंवर जाऊ नका, फोन करा आणि खोली माडीवर आहे की खाली, हे आधी विचारा. माडीचा जिना अरुंद आणि उभा असतो, आजी-आजोबांना तो झेपत नाही. न्हाणीघर खोलीला लागून आहे की अंगण ओलांडून जायचं, हेही विचाराच. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधीकधी पाच अंशांखाली उतरतो, आणि पहाटे अंगण ओलांडणं ही गंमत राहत नाही! जाड मातीच्या भिंती उन्हाळ्यात सुखाच्या, पण थंडीत त्याच खोल्या गार पडतात. जादा रजई सांगून ठेवा. चौकटी ठेंगण्या असतात, उंच माणसाने डोकं सांभाळावं. (माझ्या कपाळाला अनुभव आहे.)

द्राक्षं बघायची तर जानेवारी ते मार्च हा काळ धरा. मात्र घड दिसला की तोडून तोंडात टाकू नका. बागेवर औषधं फवारलेली असतात, शेवटची फवारणी कधी झाली ते मालकालाच ठाऊक. त्यांना विचारूनच तोडा, आणि धुऊन खा.

सकाळ मोकळी असेल तर नांदूरमध्यमेश्वर गाठा. गोदावरीवरच्या या पाणथळीला रामसर दर्जा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी मान्यता) मिळाल्याचं 2020 मध्ये जाहीर झालं, असा दर्जा मिळालेली महाराष्ट्रातली ही पहिलीच. हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. उजाडताच पोहोचा, आणि भाकरी-पिठल्याची वेळ वाड्यावर आदल्या रात्रीच सांगून ठेवा.