टीमक्समध्ये रंग बिघडतात? या चुका टाळा

सावद्याजवळ माझ्या मामेभावाचं केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर आहे. केळी पिकण्याचे सात टप्पे धरतात, गर्द हिरव्यापासून तपकिरी ठिपक्यांच्या पिवळ्यापर्यंत. कुठल्या खोलीतला माल कितव्या टप्प्यावर आहे, ते त्या त्या रंगाच्या पट्टीत दाखवणारी स्क्रिप्ट मी त्याला लिहून दिली. जळगावात घरून मी ती सर्व्हरवर टीमक्समध्ये चालवतो. टीमक्स म्हणजे टर्मिनलमधलं, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीतलं काम कनेक्शन तुटलं तरी चालू ठेवणारा प्रोग्रॅम. वीज गेली, राउटर बंद पडला, तरी तिकडे सेशन चालूच राहतं. एके दिवशी तो शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "भाऊ, तिसरा आणि चौथा टप्पा एकाच रंगाचा का दिसतोय?"

त्याचं बरोबर होतं. तिसऱ्याला मी १६५, १८५, ६० (लाल, हिरवा, निळा) असा रंग दिला होता आणि चौथ्याला १८०, १९०, ७०. टीमक्सबाहेर दोन्ही वेगळे दिसत, आत एकच. समोरच्या टर्मिनलला पूर्ण रंग झेपतात हे टीमक्सला कळलं नाही, तर ते प्रत्येक रंग २५६ रंगांच्या जुन्या तक्त्यात बसवतं. त्या तक्त्यात लाल, हिरवा, निळा यांच्या फक्त सहा-सहा पायऱ्या असतात: ०, ९५, १३५, १७५, २१५, २५५. माझे दोन्ही रंग १७५, १७५, ९५ वर, म्हणजे तक्त्यातल्या १४३ क्रमांकावर जाऊन बसले. १ कोटी ६७ लाखांहून जास्त छटांतला फरक असा विरतो आणि मग माणूस थीमला दोष देत बसतो.

म्हणून आधी टीमक्सच्या बाहेर तीच पट्टी छापून बघा. तिथेही रंग चुकत असतील, तर दोष टर्मिनलचा आहे.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे बॅश-आरसी या शेलच्या सेटिंग फाइलमध्ये टर्मिनलचं नाव सांगणारं 'टर्म' हे व्हेरिएबल 'एक्सटर्म-२५६कलर' करून टाकणं. कृपा करून हे करू नका. टीमक्सच्या आत हे नाव 'स्क्रीन' किंवा 'टीमक्स' कुळातलंच हवं. खोटं नाव दिलं की रंग कदाचित येतील, पण दुसरीकडे कुठेतरी स्क्रीन विस्कटते आणि कारण सापडता सापडत नाही. टीमक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'डिफॉल्ट-टर्मिनल'ला 'टीमक्स-२५६कलर' द्या, एवढंच पुरतं.

पण ही झाली आतली बाजू. बाहेरचं टर्मिनल काय दाखवू शकतं, ते टीमक्सला वेगळं सांगावं लागतं, आणि मी इथेच अडकलो होतो. ३.२ किंवा त्यापुढच्या आवृत्तीत 'टर्मिनल-फीचर्स'मध्ये बाहेरच्या टर्मिनलचं नाव, अपूर्णविराम (:) आणि 'आरजीबी' असं जोडा. त्याआधीच्या आवृत्तीत 'टर्मिनल-ओव्हरराइड्स'मध्ये 'टीसी' जोडा. २०१६ मधल्या २.२ च्या आधीचं टीमक्स असेल, तर अपग्रेडला पर्याय नाही. यातलं नाव मात्र तंतोतंत जुळलं पाहिजे. नेटवरून उचललेल्या ओळीत बहुधा 'एक्सटर्म-२५६कलर' असतं. पण अ‍ॅलाक्रिटी हे टर्मिनल स्वतःला 'अ‍ॅलाक्रिटी' म्हणवतं आणि किटी 'एक्सटर्म-किटी'. टीमक्सबाहेर 'टर्म'ची किंमत छापून बघा आणि तेच नाव लिहा. ओळ जोडताना 'सेट'पुढे जोडण्याचा 'ए' पर्याय विसरलात, तर आधीची यादी पुसली जाते.

एवढं करून रंग बदलले नाहीत, तर फाइल पुन्हा बदलू नका. कॉन्फिग नुसती रीलोड करून भागत नाही. 'टर्मिनल-फीचर्स' लागू व्हायला सेशनमधून बाहेर पडून (डिटॅच) पुन्हा त्यात यावं (अटॅच) लागतं, आणि 'डिफॉल्ट-टर्मिनल' फक्त नव्या पेनमध्ये, म्हणजे खिडकीच्या नव्या भागात, लागू होतं. मी असाच तासभर बरोबर असलेली ओळ बदलत बसलो होतो.

व्हिम या एडिटरमध्ये 'टर्म-गुई-कलर्स' चालू केल्यावर सगळेच रंग उडाले, तर 'टी-८-एफ' आणि 'टी-८-बी' हे दोन पर्याय हाताने द्यावे लागतात.

दूरच्या सर्व्हरवर 'टर्मिनल ओळखीचं नाही' असा संदेश आला, तर तिथे त्या टर्मिनलची टर्मइन्फो नोंद, म्हणजे त्याच्या क्षमतांची माहिती, नाही. अशा वेळी 'टर्म'चं नाव बदलायचा मोह होतो. त्याऐवजी आपल्या मशीनवर 'इन्फोकंप'ने ती नोंद काढा आणि एसएसएचमधून सर्व्हरवरच्या 'टिक' कमांडला द्या. दोन्हीकडे 'एक्स' पर्याय लावा, नाहीतर जास्तीच्या क्षमता गळून जातात. हे त्या सर्व्हरवर एकदाच करावं लागतं.