हौशी रेडिओ केंद्रासाठी कार्यक्रम आणि बातमीपत्रे निवडताना या चुका टाळा

घरातल्या एका खोलीतून मराठी इंटरनेट रेडिओ चालवणाऱ्याची खरी अडचण यंत्रसामग्रीची नसते. संगणक, मायक्रोफोन आणि मिक्सर आठवड्याभरात जमतात. दिवसभराचे प्रक्षेपण भरून निघेल असे, कायद्याने वापरता येणारे साहित्य मात्र सहजी जमत नाही, आणि मग हाताशी येईल ते लावण्याचा मोह होतो. एकाच ध्वनिमुद्रणात अनेकांचे हक्क एकावर एक रचलेले असतात, याचा विसर पडणे हे बहुतेक चुकांचे मूळ आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘जुने ते मुक्त’ असे धरून चालणे. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९६५ साली प्रकाशित झालेली तबकडी १ जानेवारी २०२६ पासून मुक्त होते. पण मुक्त होते ती केवळ तबकडी. तीवरचे शब्द आणि चाल यांचा हक्क त्या त्या रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. गीतरामायणाचेच पाहा. पुणे आकाशवाणीवरून ते १९५५ साली प्रथम प्रसारित झाले, परंतु ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये आणि सुधीर फडके २००२ मध्ये निवर्तले. त्यामुळे शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत आणि संगीतावरील हक्क २०६२ अखेरपर्यंत आहे. घरातली जुनी ध्वनिफीत कितीही जीर्ण झालेली असली, तरी हा हिशेब बदलत नाही. याउलट साने गुरुजींचे १९५० मध्ये निधन झाल्याने त्यांचे लेखन २०११ पासून मुक्त आहे, आणि आपल्याच माणसांकडून ते वाचून घेऊन सुंदर मालिका करता येते. संतांच्या अभंगांचे शब्दही मुक्त आहेत. मात्र एखाद्या आधुनिक संगीतकाराने दिलेली चाल तशी असेलच असे नाही.

परवान्यांबाबतही गैरसमज पुष्कळ आहेत. गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचा परवाना घेतला की सगळे झाले असे अनेकांना वाटते, पण तो शब्द आणि संगीतरचनेपुरता असतो. ध्वनिमुद्रणासाठी संगीत कंपन्यांच्या वतीने परवाने देणाऱ्या पीपीएलकडे किंवा थेट त्या संगीत कंपनीकडे जावे लागते. रेडिओ केंद्रांना कायद्याने मिळणारा वैधानिक परवाना, म्हणजे ठरलेला मोबदला भरून हक्कधारकाच्या वेगळ्या संमतीशिवाय गाणी लावण्याची मुभा, आपल्यालाही लागू होतो, असाही युक्तिवाद ऐकू येतो. इंटरनेटवरील सेवांना तो लागू नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आहे. हॅम परवान्यावर, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाच्या परवान्यावर, गाणी किंवा बातम्या प्रसारित करता येत नाहीत, आणि विनापरवाना एफएम प्रक्षेपक लावणे हा गुन्हा आहे, हेही नवख्यांनी लक्षात ठेवावे.

इंटरनेट आर्काइव्ह या खुल्या संग्रहस्थळावर एखादी फाइल विनामूल्य मिळते, याचा अर्थ ती चढवणाऱ्याला तसा हक्क होता असा होत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सची, म्हणजे निर्मात्याने काही अटींवर आधीच दिलेल्या खुल्या परवान्याची, खूण दिसली तरी तिची अक्षरे वाचावीत: ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर चालत नाही, म्हणून जाहिरात घेणाऱ्या केंद्राने ते साहित्य टाळावे, ‘एनडी’ असेल तर कार्यक्रम कापून किंवा भाषांतर करून लावता येत नाही.

बातम्यांच्या बाबतीत चूक होते ती घाईमुळे. आकाशवाणीचे सकाळी ७.१० चे बातमीपत्र सर्वांना ऐकता येते, म्हणून त्याचा प्रवाह आपल्या केंद्राला जोडून टाकणे योग्य नाही. ऐकण्याची मुभा आणि पुनःप्रसारणाची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रसार भारतीने मार्च २०२४ मध्ये ‘शब्द’ ही वृत्तसेवा सुरू केली असून तिच्यासाठी नोंदणी करावी लागते. आपण तिच्या अटींत बसतो का, हे आधी विचारून घ्यावे. वृत्तपत्रातली बातमी जशीच्या तशी वाचू नये. घटनेवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, मांडणीवर असतो. म्हणून पत्र सूचना कार्यालयाची मराठी पत्रके आणि स्थानिक सूचना यांवरून पाच मिनिटांचे बातमीपत्र स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि स्रोताचा उल्लेख करावा.

एक तांत्रिक दोषही सांगितलाच पाहिजे. परवानगीने मिळणारी बातमीपत्राची फाइल आमच्याकडे आपोआप उतरत असे. एके दिवशी जोडणी तुटली, आणि दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात आदल्या दिवशीचा अतिवृष्टीचा इशारा वाजला. एका आजींनी काळजीने फोन केला तेव्हा मला ते कळले. तेव्हापासून फाइल सहा तासांपेक्षा जुनी असेल, तर तिच्याऐवजी निवेदन लागेल अशी व्यवस्था केली आहे. प्रत्येकाने ती करावी.

माझ्या मते छोट्या केंद्राचा सर्वांत भक्कम साठा गावातच असतो: कीर्तनकार, ओव्या म्हणणाऱ्या बायका, शाळेचे स्नेहसंमेलन, हौशी नाट्यसंस्था. पण तोंडी होकारावर विसंबू नये. एका संस्थेने आम्हाला एकांकिका आनंदाने दिली. ऐकताना लक्षात आले की मधल्या प्रसंगात चार मिनिटे चित्रपटगीत वाजते आहे, आणि लेखकाला कोणी विचारलेलेच नाही. ते गीत काढून तिथे पेटी वाजवून घेतली, लेखकाचे पत्र आणले, आणि मगच प्रयोग लावला. परवानगीच्या पत्रात कार्यक्रमाचे नाव, ध्वनिमुद्रणाची तारीख, इंटरनेटवरील प्रक्षेपण, किती वेळा, किती काळ, आणि पुढे पॉडकास्ट म्हणून ठेवता येईल का, हे स्पष्ट असावे.

तरीही एखाद्या दिवशी हक्कधारकाची नोटीस आलीच, तर वाद घालत बसू नये. तो कार्यक्रम त्याच दिवशी वेळापत्रकातून आणि संग्रहातून काढावा, प्रक्षेपणाच्या नोंदवहीत तो कधी कधी लागला ते पाहावे, संबंधित पत्राची प्रत जोडून लेखी उत्तर पाठवावे, आणि पत्र सापडत नसेल तर तसे सरळ कळवावे.