शिलालेखातली सत्ता कशी वाचायची : पाटणादेवी ते बऱ्हाणपूर

देवळातला दानलेख वाचताना आधी देवाची स्तुती, मग राजाची वंशावळ आणि शेवटी दान, या तीन भागांना वेगळ्या खुणा करा. बहुतेक जण स्तुतीपाशीच थांबतात. खरा राज्यकारभार शेवटच्या ओळींत असतो.

चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शके 1128 चा लेख घ्या. यादवांचा मांडलिक, निकुंभ घराण्यातला सोइदेव याने भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठाला दान दिलं. संस्कृतानंतर मराठी सुरू होते, ती नीट वाचा : पाटणच्या बाजारातल्या मालावर राउळाला, म्हणजे राजाला, मिळणारा वाटा मठाला दिला आहे. इथे विचारा, पैसा कोणाचा? देणारा हात ग्राहकाचा, पुण्य मात्र राजाचं. कर धर्मकार्यात गेला की त्याला विरोध करणं अवघड होतं, हे आमचं वाचन.

शकात 78 मिळवून सन काढा, पण लेखातला आकडा गतवर्षाचा (पूर्ण झालेल्या वर्षाचा) की चालू वर्षाचा हे न पाहिल्यास एका वर्षाची चूक होते. अक्षरांत खडू किंवा तेल भरू नका, दगड खराब होतो. बॅटरीचा उजेड बाजूने, तिरका पाडा.

मग बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत जा. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्यातल्या सुलतानाने तिथे अरबीसोबत संस्कृत लेखही कोरवला आहे. दोन्ही भाषांचे वाचक वेगळे, म्हणून दोन्ही लेखांत राजाची ओळख कशी करून दिली आहे ते शेजारी-शेजारी लिहून ताडून बघा. शहराचं नावही सूफी संत बुऱ्हानुद्दीन यांच्यावरून आहे.