पदवीचा संशोधन प्रबंध पूर्ण करताना: कोकणातील विद्यार्थ्यांसाठी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण असल्यास चौथ्या वर्षी संशोधन निवडता येते. त्यातील प्रबंधाला १२ श्रेयांक (क्रेडिट) असतात.

‘कोकणातील स्थलांतर’ हा विषय एका वर्षात आवाक्यात येत नाही; एका वाडीत मुंबईहून येणारा पैसा कोण आणि कशावर खर्च करते, हा प्रश्न येतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुषांच्या स्थलांतराकडे बोट दाखवणारा असा आकडा प्रश्नाला पाया देतो, उत्तर मात्र मुलाखतींतूनच मिळते.

क्षेत्रकार्य गावाच्या वर्षाप्रमाणे आखावे. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येतात. परंतु शिमगा ऐन लेखनाच्या दिवसांत येत असल्याने, प्रश्नावली दोन-तीन घरांत तपासून व मार्गदर्शकांची मान्यता घेऊन गणपतीपूर्वीच तयार ठेवावी. संमती प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे घ्यावी आणि सुनेची मुलाखत शक्यतो सासूसमोर घेऊ नये, कारण तेथे उत्तरे बदलतात, हे मला फार महत्त्वाचे वाटते. लहान वाडीत केवळ नाव बदलून ओळख लपत नाही, म्हणून घराचे आणि व्यवसायाचे तपशीलही सैल करावेत.

टिपणे त्याच रात्री उतरवावीत. प्रस्तावना शेवटी लिहावी.