पिणाऱ्याच्या घरात आधी काय सांभाळायचं

रात्री नवरा पिऊन आला की त्याच्याशी काही बोलायचं नाही. पैशांचं नाही, मुलांचं नाही, ‘कुठे होतात’ हेसुद्धा नाही. जेवण झाकून ठेवा आणि मुलांना घेऊन आतल्या खोलीत जा. बोलायचं ते सकाळी, चहा घेऊन तो ओसरीवर बसतो तेव्हा. हे कळायला मला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत माझ्या मुलीने रात्री जे ऐकलं, ते पुसायला आता माझ्याकडे काही नाही.

मी गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यात अंगणवाडी सेविका आहे. नवरा टिप्पर, म्हणजे खाणीचा माल वाहणारा ट्रक, चालवायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने. मध्ये थोडं काम सुरू झालं, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. टिप्पर अंगणात उभा, टायरभोवती गवत वाढलेलं, आणि हप्ता महिन्याच्या महिन्याला. ट्रिपा मोजत जेवणाऱ्या माणसाने सकाळी नऊ वाजता करायचं काय? मार्च-एप्रिलात तर बागेबागेत काजूच्या दारूची भाटी लागलेली असते. हुर्राक, ती पहिल्या धारेची काजूची दारू, प्यायला खिशात फार काही लागत नाही.

‘हे लोकच असले’ असं कोणी म्हटलं की मला फार लागतं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया नावाचं कोळशाचं राज्य आहे, डोंगरातली गोऱ्या मजुरांची गावं. तिथेही यंत्रं आली, खाणीतलं काम आटलं, पुरुष घरी बसले. त्यांच्याकडे दारूच्या जोडीला दुखण्यावरच्या गोळ्या आल्या, आणि नशेच्या अतिसेवनाने मरणाऱ्यांचं प्रमाण त्या देशात बरीच वर्षं याच राज्यात सगळ्यात जास्त राहिलं. त्यांनाही आळशीच म्हणतात. म्हणून मी बायकांना सांगते, लाज धरून दार लावून बसू नका. तुमच्या घरात घडतंय ते तुमच्या कुळाचा दोष नाही.

पण म्हणून मार सोसायचाही नाही. हात उचलला तर ११२, सल्ला आणि आसरा हवा तर १८१. घरातल्या हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने तुम्हाला त्याच घरात राहायचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असलं तरी. बाईला सरकारकडून वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न विचारत नाहीत. त्यासाठी १५१०० वर फोन करायचा.

आता पैसे. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे १५०० रुपये फक्त तुमच्या नावाच्या खात्यात यायला हवेत. पासबुक आणि एटीएम कार्ड घरात ठेवू नका, आणि पिन कुणालाही सांगू नका. सासूला सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे २००० मिळत असतील तर वर्षाला तिचा हयातीचा दाखला तुम्हीच नेऊन द्या. तो राहिला की पैसे अडकतात आणि घरात नवीन भांडण सुरू होतं. माझे सगळे कागद एका मारी बिस्किटाच्या डब्यात होते: जन्मदाखले, रेशन कार्ड, आधार, लग्नाच्या नोंदीचा दाखला, मुलीची शाळेची प्रगतीपुस्तकं. डबा शेजारच्या आजींच्या तांदळाच्या पिंपात.

सहीचं वेगळं सांगते, कारण तिथे मी फसले. २०११ मध्ये दुसऱ्या गाडीच्या कर्जाला मी जामीन म्हणून सही केली. स्वयंपाक करता करता, ओल्या हाताने, न वाचता. वर्षभरात वसुलीची माणसं माझ्या अंगणवाडीच्या दारात उभी राहिली. मुलं आत खिचडी खात होती. गोव्याच्या नागरी कायद्यात वेगळा करार न करता लग्न झालं असेल तर मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा असतो, आणि तिच्या सहीशिवाय नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही. ही सही म्हणजे तुमच्या हातातली सगळ्यात मोठी वस्तू. ‘भावोजी सांगतात म्हणून’ ती देऊ नका. कागद घरी ठेवून घ्या, दोन दिवस मागा, वकिलाला दाखवा.

नवऱ्याला सोडवायचं कसं, हे सगळ्या जणी पहिलं विचारतात. मी ते नंतर सांगते, कारण ते तुमच्या एकटीच्या हातात नाही. सकाळी हात थरथरत असतील, प्यायल्याशिवाय चैन पडत नसेल, तर एकदम दारू तोडायला लावू नका. देवाची शपथ घालून, कोंडून अजिबात नाही. झटके येतात, माणूस भ्रमात जातो, दगावूही शकतो. अशाला डॉक्टरकडेच न्या. बांबोळीला मनोरुग्णांच्या सरकारी इस्पितळात व्यसनाचे उपचार होतात. जो अजून त्या टोकाला गेलेला नाही, त्याच्याशी कोणी शिकवलेला माणूस नीट तीन-चार वेळा बोलला तरी फरक पडतो. हे गोव्यातच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या संगत संस्थेने करून पाहिलं, २०१७ मध्ये ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं. बोलणारे डॉक्टर नव्हते. तीन महिन्यांनी शंभरातल्या ३६ जणांचं पिणं आटोक्यात आलं, नुसत्या नेहमीच्या उपचारात २६ जणांचं. म्हणजे बरेच जण राहिलेच. माझा नवरा दुसऱ्या खेपेला सुधारला, अजूनही अधूनमधून घसरतो. गेलं वर्ष बरं गेलं.

मुलांचं मात्र थांबवून ठेवता येत नाही. आमच्या प्रशिक्षणात हवाईच्या काउआई बेटाचं सांगितलं होतं. १९५५ मध्ये जन्मलेली ६९८ मुलं एमी वर्नर आणि त्यांच्या सोबत्यांनी कित्येक दशकं पाहिली. गरिबी, भांडणं, व्यसन अशा घरांतली साधारण एक तृतीयांश मुलं धड वाढली. त्यांच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: भरवशाचं एक तरी मोठं माणूस. ते आईबापच हवं असं नाही. मी वहीत तेवढंच लिहून घेतलं आणि घरी येऊन आजींना विचारलं.

हे मागणं नीट करायचं. ‘जरा लक्ष ठेवा’ असं मोघम नको. मी म्हटलं, ‘आजी, सातनंतर ही तुमच्याकडे अभ्यासाला बसेल, आणि ज्या रात्री मी माडीवरचा दिवा लावीन त्या रात्री तिथेच झोपेल.’ तांदूळ, नारळ जमेल तसं देत राहिले, म्हणजे मिंधेपण राहिलं नाही. मुलीला एवढंच सांगितलं, की बाबा आजारी आहेत, ते तुझ्यामुळे नाही, आणि हे बाईंना सांगितलंस तरी मी रागावणार नाही. बापाला आणायला मुलाला बारवर कधी पाठवू नका. त्याच्या बाटलीवर पाळत ठेवायला तर नकोच. आणि दप्तर, उद्याचा युनिफॉर्म, धुतलेले मोजे हे दिवेलागणीलाच शेजारी पोचवा, म्हणजे रात्र कशीही गेली तरी सकाळची शाळा बुडत नाही.

आजींनी तिच्या दप्तरासाठी ओसरीवर खिळा मारला होता, तिच्या हाताला पुरेल इतक्या उंचीवर. ती चौथीत गेली तेव्हा त्यांनी तो उपटून वीतभर वर ठोकला.